बडग्याचा अर्ज

पहिल्या साली त्यांनी फक्त उंची विचारली.
बारा फुटांच्या वर नको, वर तारा आहेत.
खरंच होतं ते, इतवारीत तारा खालीच लोंबतात.
मी शिक्का मारला.

दुसऱ्या साली गळ्यातली पाटी.
मजकूर आधी दाखवा, तीन प्रतींत, शुद्धलेखन तपासून.
महागाई चालायची. डास चालायचे.
पडलेल्या पुलाचं नाव घ्यायचं नव्हतं,
म्हणून पुलाखाली सापडलेल्यांचीही नावं घ्यायची नव्हती.
शिक्का नवा आला होता, शाई जुनीच.

मग चेहरा.
चेहरा कुणासारखाही दिसता कामा नये.

टिमकीचे मोतीराम निनावे,
माग भंगारात गेल्यापासून बांबू फोडणारे,
माझ्या टेबलापुढं टोपी काढून म्हणाले,
'बाई, कोनासारखा नाई असा चेहरा
देवानं तरी बनवला का कधी?'
मी म्हटलं, परिपत्रक आहे.
ते घरी गेले,
ओल्या लगद्यावरून तळवा फिरवला.
नाक बसलं, ओठ बसले,
बडग्या निघाला सोललेल्या अंड्यासारखा.

त्या साली लोक पोट धरून हसले.
कोऱ्या तोंडात ज्याला त्याला
दिसायचा तो दिसला.

म्हणून पुढच्या साली हसणं.
चितार ओळीच्या कोपऱ्यावर खांब उभे राहिले,
खांबांना डोळे, दात मोजणारे.
आणि मारबतीनं काय काय न्यावं
त्याची यादी वरून आली:
खोकला, खरूज, साथीचा ताप,
शेजारच्या राज्याची ईडा, शेजारच्या राज्याची पीडा.
आपली पीडा आता नोंदणीकृत होती,
ती शहराबाहेर नेणं म्हणजे
सरकारी मालमत्तेची चोरी.

बायका तरी दारात उभ्या राहून
ओठ न हलवता पुटपुटत होत्या, घेऊन जा गे, घेऊन जा.
हे मला दिसलं. मी अहवालात लिहिलं नाही.
एवढंच काय ते माझं शौर्य,
मी ते अजून जपून ठेवलंय.

यंदा यंत्र आलं.
यंत्रापुढं बावीस वर्षांचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र उलटं.
'आडनाव?'
'निनावे.'
'नाव लपवू नका, काका.'
'लपवून नाई राह्यलो बाप्पा. आजापासून हेच हाय.'
पोरानं पुन्हा टंकलं. यंत्र पुन्हा लाल झालं.
अर्ज निनावी.
निनावी अर्ज देणारा इसम
थांबवून ठेवावा.

मी तीन हातांवर बसले होते.
चौदा वर्षांचे अर्ज माझ्या कपाटात,
प्रत्येकावर ते आडनाव माझ्याच अक्षरात.
माझ्या लेकीच्या बारशाला सूप त्यांनी विणून दिलं होतं.
एक वाक्य पुरलं असतं. चार शब्दांचं.
मी शिक्का शाईवर दाबून धरला
आणि उचललाच नाही.

मोतीरामजींनी माझ्याकडं पाहिलं.
रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.
माप घेतल्यासारखं पाहिलं,
खांदे, मान, कपाळ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
रस्ते धुतलेले होते. पोरं लाकडी बैल ओढत होती,
चाकांचा आवाज येऊ नये म्हणून चिंध्या बांधून.

त्यांच्या अंगणातला सांगाडा जप्त होऊन
आमच्याच कचेरीत आला, माझ्या खुर्चीमागं उभा आहे.
कागद नाही, रंग नाही, नुसते बांबू,
आणि खांद्यांच्या वर काहीच नाही.
पावतीवर ताबा घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

सकाळी अकराला पाठीमागच्या खिडकीतून ऊन येतं.
समोरच्या भिंतीवर त्याची सावली पडते,
आणि मी खुर्चीत ताठ बसले
तर बरोबर त्या मोकळ्या जागी माझं डोकं.

उंची नियमात आहे.
पाटी कोरी आहे.
पोरगा मान वर करून भिंतीकडं बघतो,
हसायला येतं त्याला,
मग खांब आठवतो.